पसंतीचा अखत्यार

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, खरेदी करून मागाहून पस्तावणाऱ्या गिऱ्हाइकाचा विचार जेथे आला आहे तेथे, विकत घेतलेली चीज किती दिवस पारखून पाहावी याची मोठी बारकाईची मुदतवारी दिलेली आढळते. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. आणि, आज वाचताना मन चरकते खरे, पण तोही त्या काळचा व्यवहारच होता, दासीला एक महिना व दासाला पंधरवडा. बी रुजते की नाही हे कळावयास आठ-दहा दिवस जावे लागतात, लोखंडाचा कस घणाखाली घालताच कळतो, गाय किती दूध देते हे दोन-चार धारांत उघड होते, परंतु माणूस कामाला कसा आहे हे त्याला काही दिवस वागवून पाहिल्यावाचून समजत नाही, असा पिढ्यानुपिढ्यांचा अनुभव या आकड्यांमागे उभा असावा. मनूने सरसकट दहा दिवसांची सवड दिली. कौटिल्याने मालाकडे न पाहता माणसाच्या धंद्याकडे पाहिले आणि व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन व गुराख्याला पाच रात्री बहाल केल्या. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यावर जी मिताक्षरा लिहिली तिच्याद्वारे ही मुदतवारी आपल्या प्रांतातील शास्त्री-पंडितांच्या परिचयाची झालेली होती.

करारात मूल्यमापनाचे कलम घालण्याची कल्पना अलीकडच्या कारखानदारीच्या पोटी जन्मली, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे तिला या यादीने धक्का बसतो; परंतु माझे लक्ष वेधून घेते ते तिचे प्राचीनत्व नव्हे. पारखीचा हक्क आणि पारखीची मुदत या दोन गोष्टी त्या यादीत एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. रत्न घेणाऱ्याला नापसंतीचा अखत्यार आहे, पण तो सात दिवसांनी मावळतो. त्यानंतर खडा कितीही फिका वाटो, तो त्याचाच. म्हणजे जे कलम वरकरणी विकणाऱ्याला बांधते तेच घेणाऱ्यालाही बांधून टाकते. पुढील काळात हे कलम वस्तूवरून माणसावर आणि माणसावरून शाळेवर सरकत गेले तेव्हा त्याची एक बाजू हळूहळू सैल होत गेली, आणि ती पुन्हा आवळण्यात न्यायालयांची फार मोठी शक्ती खर्ची पडली, असे मला दिसते.

वस्तूंच्या बाबतीत ही सैलावणूक फारशी झाली नाही, कारण बाजाराला ती परवडत नाही. मुंबईच्या जवाहिऱ्यांत आणि हिऱ्यांच्या दलालांत आजही जांगडाचा व्यवहार चालतो: दलाल हिऱ्यांची पुडी घेऊन जातो, सोबतच्या चिठ्ठीवर वजन, भाव आणि माल अजून धन्याचाच आहे ही कबुली असते, पसंत पडले तर सौदा, नाही तर पुडी जशीच्या तशी परत. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या २४ व्या कलमाने जांगडासारख्या व्यवहारांना जो नियम लावला आहे तो याज्ञवल्क्याने खचित मान्य केला असता. घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा माल आपलाच असल्यासारखा वापरला, किंवा ठरलेली मुदत उलटूनही नापसंती न कळवता तो ठेवून घेतला, की माल त्याचा झाला. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ हीच मुदत. नमुन्यावरून केलेल्या विक्रीत मागाहून आलेला ढीग नमुन्याबरहुकूम असला पाहिजे आणि ताडून पाहण्याची संधी घेणाऱ्यास मिळाली पाहिजे, हे त्याच अधिनियमाचे १७ वे कलम सांगते.

ताडून पाहणारा कोण, हा प्रश्न मात्र कापसाच्या बाजारात चिघळला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तशी गाठींत सरकी, माती आणि पाणी यांचीही भरती होऊ लागली, आणि १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करून निरीक्षक नेमावे लागले. बऱ्याच व्यापाऱ्यांना हा सरकारी पारखी रुचला नाही, आणि पुढे त्यांच्याच संघटनांनी पारखीची जी रीत बसवली तिच्यात दोन्ही पक्षांनी आपापला जाणकार द्यावा व त्यांचे न जुळल्यास तिसऱ्याने निकाल करावा असा शिरस्ता पडला. ज्याच्या खिशातून पैसा जायचा त्याच्याच हाती तराजू असू नये, एवढे साधे शहाणपण त्या शिरस्त्यात होते.

परंतु जेथे वस्तूचा गुण डोळ्यांना दिसणारा नसून घेणाऱ्याच्या मनाला पटण्यावर अवलंबून आहे तेथे तराजू कोणाच्या हाती द्यावा? १८७८ साली अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका बापाचा खटला आला. त्याची लहान मुलगी वारली होती. तिच्या छोट्याशा छायाचित्रावरून मोठी तसबीर करून देण्याचे एकाने पत्करले आणि ती पूर्ण पसंत पडली नाही तर घेऊ नका, असे तोंडाने कबूल केले. तसबीर आली, बापाला ती पटली नाही. दुरुस्त करून पाठवली, तरी पटली नाही. ती उत्तम उतरली आहे असे चार लोक सांगतील, हा चित्रकाराच्या बाजूचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही; पसंती बापाची ठरली होती, लोकांची नव्हे. इंग्लंडात १८५७ साली आवडीप्रमाणे बांधून घ्यावयाच्या घोडागाडीच्या खटल्यातही असाच निर्णय झाला होता, मात्र नापसंती प्रामाणिक असली पाहिजे, पैसे बुडवण्याचे निमित्त असता कामा नये, एवढी पुस्ती त्यास होती. याउलट भिंतीचा पाया, यंत्राची गती, छपराची गळती अशा बाबतींत मालकाची मर्जी नव्हे, तर शहाण्या माणसाचे समाधान हेच प्रमाण, असा भेद विधिज्ञांनी हळूहळू रूढ केला. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण माणसाच्या कामाचे मोल करताना आपण नेमके याच दोहोंत घोटाळतो: कारकुनाचे काम भिंतीसारखे मोजावयाचे की तसबिरीसारखे, हे ठरवण्याच्या आधीच आपण त्याच्या नावापुढे शेरा मारून मोकळे होतो.

सरकारी बांधकामाच्या कंत्राटात हा घोटाळा पूर्वीपासून आहे. काम प्रभारी अभियंत्याचे समाधान होईल असे करावे, मोजमाप त्याच्या मोजणी पुस्तकात चढेल तेच खरे, वाद पडल्यास वरिष्ठ अभियंत्याचा निर्णय अंतिम, अशा कलमांवर पिढ्यानुपिढ्या कंत्राटदारांनी मुकाट सह्या केल्या. कराराचा एक पक्ष स्वतःच्याच तक्रारीचा निवाडा करू शकत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कर्नाटक सरकार व एक तांदूळ गिरणी यांच्या वादात नुकसानभरपाईच्या संदर्भात स्पष्ट केले. आणि पक्षाशी हितसंबंध असलेला मनुष्य लवाद होऊ शकत नाही, हा नियम कायद्यात शिरण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

नोकरीच्या करारात तर दोन पक्षांचे बळ मुळातच विषम. तेथे उमेदवारीचा काळ ही जुनी मुदतवारीच होय, आणि ती जेथे पाळली गेली तेथे तिने नोकराचेही रक्षण केले. आपल्याकडील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम घ्या. नेमणूक परिवीक्षेवर दोन वर्षे, त्या अवधीत काम वा वर्तन समाधानकारक नाही असे संस्थेचे मत झाल्यास महिन्याच्या नोटिशीने मोकळे करता येईल, पण दोन वर्षे उलटली की शिक्षक कायम. पुढे १९८१ च्या नियमांनी वार्षिक गोपनीय अहवाल लिहिण्याचे व प्रतिकूल शेरे कळवण्याचे बंधन संस्थेवर घातले. पुढे २००० साली शिक्षणसेवक योजना आली, आणि ही पारखीची मुदत तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षांची झाली. ती वाढ पारखीसाठी होती की पगार वाचवण्यासाठी, याचे उत्तर शिक्षकांच्या घरी वेगळे मिळेल आणि सचिवालयात वेगळे.

मुदत ठरवून भागत नाही, शेरा उजेडात यावा लागतो. सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याची बढती अडली, ती कोणत्या वाईट शेऱ्यामुळे नव्हे, तर एका वर्षीच्या ‘चांगला’ या शेऱ्यामुळे. बढतीला लागोपाठची पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ हवा होता. ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल नसल्यामुळे तो कळवण्याचे बंधन नाही, असे दफ्तराचे म्हणणे, आणि दफ्तरी शिरस्त्याप्रमाणे ते बिनचूकही होते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शेरा वाईट असो, मध्यम असो की उत्तम असो, प्रत्येक नोंद त्या माणसाला कळलीच पाहिजे. स्तुतीच्या शब्दानेही माणसाचा घात होऊ शकतो ही गोष्ट नोकरशाहीत मुरलेल्यांना ठाऊकच होती. कायद्याला ती समजायला इतका काळ लागला, एवढेच.

शाळेच्या मूल्यमापनाकडे वळताच हा सारा इतिहास अधिक करुण होतो, आणि थोडा विनोदीही. रॉबर्ट लो या मंत्र्याने १८६२ साली इंग्लंडातील प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे नवे नियम अमलात आणले. त्यांच्यामागील विचार दुकानदाराचा होता: माल दाखवा, दाम घ्या. सहा वर्षांवरील ज्या मुलाच्या दोनशे हजेऱ्या भरल्या त्याच्यापायी शाळेला आठ शिलिंग. पण निरीक्षक येऊन वाचन, लेखन व गणित यांत त्याची परीक्षा घेणार, आणि ज्या विषयात ते नापास होईल त्यापायी दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. तीन विषयांत नापास होणाऱ्या मुलापायी आठही शिलिंग गेले. हिशेब असा निर्दोष जमला होता! मग मास्तरांनीही आपला हिशेब जमवला. तपासणीत जे विचारले जाणार नाही ते शिकवणे बंद झाले. क्रमिक पुस्तक मुलांकडून मुखोद्गत करवून घेतले जाऊ लागले. तपासणीच्या दिवशी आजारी पोरांनाही अंथरुणातून उठवून बाकावर आणून बसवण्यात येई, कारण गैरहजर मूल म्हणजे बुडालेले शिलिंग. सरकारी खजिन्याचे काम मात्र फत्ते झाले: १८६१ साली आठ लाख पौंडांच्या वर असलेले अनुदान १८६५ पर्यंत साडेसहा लाखांच्या खाली उतरले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळातपासनीस होता, आणि ज्या पद्धतीची अंमलबजावणी त्याच्याकडे होती तिच्यावर तो वर्षानुवर्षे टीका करीत राहिला. ती पद्धत पुरती मोडण्यास शतकाचे अखेरचे दशक यावे लागले.

मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना निकालाच्या प्रमाणात अनुदान देण्याची रीत याच वाऱ्याबरोबर आली. १८८२ साली हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करू लागला तेव्हा त्याच्यापुढे पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबरात एक निवेदन ठेवले. ज्या गरीब व अज्ञ लोकांत शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही त्यांच्यात ही निकालाची पद्धत उपयोगाची नाही, कारण त्यांच्यासाठी स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढील असा शिक्षक मिळणार नाही, त्याचे पोटच त्यावर भरणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. तशी गोडी उत्पन्न होईपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन यांची त्यांनी मागणी केली. इंग्लंडात या पद्धतीवर जी टीका झाली ती बहुतांशी तिने शिक्षण कोरडे केले अशी होती. फुल्यांनी वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवले: परीक्षा नापास झाल्यास तोटा कोणी सोसावयाचा? आपण स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतलेला मनुष्य हे विचारीत होता, आणि जोखीम कोणाच्या माथी मारली आहे हे करारात प्रथम पाहावयाचे असते हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. आयोगाने कॉलेजांना ही पद्धत लावू नये असे म्हटले. प्राथमिक पातळीवर मात्र तिला जागा ठेवली, म्हणजे जेथे फुल्यांची हरकत सर्वात प्रखर होती नेमके तेथेच.

त्या हरकतीला करारातून उत्तर देण्याचा एक प्रयत्न सव्वाशेहून अधिक वर्षांनी राजस्थानात, भिलवाडा जिल्ह्यात झाला. २०१५ ते २०१८ या तीन वर्षांसाठी ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेने खेड्यांत काम करावयाचे, खर्चाची रक्कम एका स्विस बँकेच्या प्रतिष्ठानाने आधी घालायची, आणि मुले खरोखर शिकली तर ती नफ्यासह दुसऱ्या एका प्रतिष्ठानाने परत करायची. पारख या तिघांपैकी कोणाकडेच नव्हती. ती चौथ्या, स्वतंत्र संस्थेकडे होती. रकमेचा ऐंशी टक्के भाग शिकण्यातील प्रगतीवर आणि वीस टक्के भाग शाळेबाहेरच्या मुलींच्या पटनोंदणीवर बेतलेला. आणि प्रगती मोजावयाची ती लोच्या नियमांप्रमाणे ठरीव इयत्तेच्या कसाला लावून नव्हे, तर त्याच मुलाची आरंभीची मजल आणि हे काम जेथे चालू नव्हते त्या गावांतील मुले यांच्याशी ताडून. मूल शिकले नाही तर पैसे गुंतवणाराचे बुडणार, गावातल्या शिक्षकाचे नव्हे. दुसऱ्या वर्षाअखेर मजल उद्दिष्टाच्या निम्म्याच्या आसपास होती, तेव्हा कामाची पद्धत बदलण्यात आली, आणि तिसऱ्या वर्षाअखेर शिकण्याचे उद्दिष्ट साठ टक्क्यांनी ओलांडले गेले. जोखीम योग्य माथी, पारखी तिऱ्हाईत, मुदत ठरलेली: जांगडाच्या चिठ्ठीला शोभेल असा हा दस्तऐवज होता. तथापि शिकण्याच्या पारखीसाठी जे जे मोजले ते भाषा आणि गणित यांतलेच, आणि पैसे चुकते झाल्यावर त्या गावांत परत जाऊन ती मुले पुढे काय शिकली हे पाहण्याचे कलम त्यात नव्हते.