सिंक तुंबते तेव्हा



संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, खाल्लेले अन्न पोटातून पुढे कुठे जाते हेही प्रभू येशू सांगतो. त्याला संकोच वाटला नाही. तेव्हा आज आपणही स्वयंपाकघरातल्या सिंकबद्दल बोलू या.

सिंक एका दिवसात तुंबत नाही. भाजीचा तवंग, भाताची शिते, चहापत्ती थराथराने बसत जाते. थंडीत तेल-तूप थिजले की पाणी उतरायचे नाव घेत नाही. मग पुष्कळ घरांत ॲसिडची बाटली येते. खरे तर ॲसिडने ओशटपणा फारसा जात नाही. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी वायू होतो, तो वेगळाच. आणि ते ॲसिड पुढे जाते गल्लीच्या नालीत. सकाळी फावडे घेऊन तिथे उतरणाऱ्याच्या हातात पुष्कळदा मोजेही नसतात.

संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगावी झाला. गावात आले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. ते ख्रिस्ती नव्हते; पण कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा प्रभू त्यांच्या खराट्याकडे पाहून आम्हांला आठवतो. पेत्राला ते रुचले नव्हते. गुरूने असले काम करावे? आपल्या घरांतही हे काम बाईचे, नाही तर ‘त्या लोकांचे’ ठरते. हा शब्द ख्रिस्ती घरांत ऐकू येतो, याचे आम्हांला दुःख आहे.

काम तसे अर्ध्या तासाचे. सिंकखाली बादली ठेवावी. वाटीसारखा ट्रॅप हाताने फिरवून सोडावा, गाळ काढावा, जुना ब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्याने घासावा, वायसर नीट बसवून परत लावावा. उकळते पाणी नको, प्लॅस्टिकचा पाइप मऊ पडतो. ॲसिड आधीच ओतले असेल तर मात्र ट्रॅप उघडू नये. ट्रॅपमध्ये थोडे पाणी राहतेच. त्यामुळे नालीचा वास घरात येत नाही.

पुढच्या वेळी ताटातले खरकटे आणि तेल आधी कागदाने पुसून घ्यावे. आज जेवणानंतर हे काम घरातल्या पुरुषांनी करावे. निघालेला गाळ नालीत नव्हे, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावा.