वेशीचा दरवाजा

विमानाचे दार मिटते, भ्रमणध्वनी ‘फ्लाइट मोड’वर ठेवण्याची सूचना होते, आणि तरीही शेजारचा प्रवासी ओंजळीआड संदेश लिहीतच असतो. हटकले तर विचारतो, “एका फोनाने विमान पडते काय?” प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो नीतीच्या कसोटीस उतरतो का?

त्याची बाजूही ऐकावी. अमेरिकेत १९९१ साली आकाशातील मोबाइलवर बंदी आली, ती मुख्यतः जमिनीवरील दूरध्वनी-यंत्रणेत व्यत्यय येऊ नये म्हणून. कारण उंचावरचा फोन एकाच वेळी अनेक मनोऱ्यांना साद घालतो. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेने आणि २०१४ मध्ये भारताने ‘फ्लाइट मोड’मधील उपकरणे उड्डाणभर वापरण्याची मुभा दिली. म्हणजे नियम आंधळा नाही. तो तपासला जातो, सैलही होतो. उरले आहे ते एवढेच, की विमानात तशी खास सोय नसेल तर फोनने जमिनीशी संपर्क साधू नये. फोनच्या लहरींची खरखर वैमानिकाच्या कानांतील यंत्रात उमटू शकते, आणि विमान उतरण्याच्या वेळी त्याला एकेक शब्द मोलाचा असतो.

धोका अल्प असेल, तर नियम बंधनकारक राहतो का? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक दाखला दिला आहे. वेढलेल्या नगराच्या वेशी बंद ठेवाव्यात असा कायदा आहे. परंतु नगराचे रक्षकच शत्रूपुढे धावत आले, तर दार उघडावे, कारण कायद्याचा हेतू नगराचे रक्षण हाच आहे. मात्र संकट विलंब सोसणारे नसेल तरच. एरवी कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार समाजाचा भार वाहणाऱ्यांचा.

आपल्या “निघालो” या निरोपामागे कोणता शत्रू लागलेला असतो? कोणाची आई अत्यवस्थ असेल, तर त्याची तळमळ खरी आहे. पण त्यालाही विमानातील कर्मचाऱ्यांजवळ आपली अडचण सांगता येते. न विचारता घेतलेली सवलत ही निराळी गोष्ट. प्रवाशाला वाटते, आपण आपल्यापुरता धोका पत्करला. वस्तुतः पुढच्या रांगेतील तान्ह्या बाळाच्या वतीनेही तो पत्करलेला असतो, आणि त्या बाळाची संमती कोणीच घेतलेली नसते.

कोणी पाहत नसताना फोन बंद करणे ही क्षुल्लक बाब खरी. पण अनोळखी शेजाऱ्यावरील प्रीतीला विमानात याहून मोठी संधी सहसा मिळत नाही.