ऐतिहासिक कादंबरी आणि वाचकाचे अश्रू

ज्या गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक आहे, ती गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा का वाचतो? थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. तरीसुद्धा रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाल्यापासून तिचा वाचक कधी तुटला नाही. वाचनालयांतील तिच्या प्रती हाताळून हाताळून मऊ झालेल्या असतात. सत्तावीस वर्षांचा तो पेशवा या वेळी तरी वाचेल, अशी वेडी आशा धरून वाचक शेवटच्या प्रकरणापर्यंत येतो आणि डोळे पुसून पुस्तक मिटतो. या डोळे पुसण्याचे नैतिक मोल काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या राजाराण्यांच्या प्रेमासाठी गाळलेले अश्रू आपल्याला अधिक चांगले माणूस बनवतात, की चांगले झाल्याचा केवळ भास निर्माण करतात?

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा जुनी आहे. रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' १८७१ साली ग्रंथरूपाने आली. पुढे हरि नारायण आपटे आणि नाथमाधव यांनी हा प्रकार घरोघरी पोहोचवला. त्या काळच्या कादंबऱ्यांत गड, वेढे, गुप्त वाटा आणि स्वामिनिष्ठा यांना अग्रस्थान होते. स्वातंत्र्यानंतर रणजित देसाई व ना. सं. इनामदार यांच्या लेखणीने वाचकाला सदरेवरून थेट आतल्या महालात नेले. इतिहासात पेशवा दिसत होता. आता पती दिसू लागला. या कादंबरीच्या लोकप्रियतेचे मर्म मला या स्थलांतरात दिसते.

खानदेशाच्या वाचकाला यातील एक कथा विशेष जवळची वाटावी. आपले शिरपूर मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले आहे. तापी ओलांडून, बिजासनच्या घाटातून सातपुडा चढून गेले की पलीकडे निमाड लागतो. त्या निमाडात, नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे, २८ एप्रिल १७४० रोजी पहिल्या बाजीरावाने देह ठेवला. नासिरजंगाशी झालेल्या तहात मिळालेल्या परगण्यांच्या बंदोबस्तासाठी तो तेथे गेला होता. वय अवघे एकोणचाळीस. त्याची समाधी तेथे आजही आहे. ज्या मस्तानीच्या नावाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले, तिची कबर मात्र तेथून फार दूर, पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी आहे. मरणानेही ज्यांना एकत्र आणले नाही अशा या दोघांची कथा इनामदारांनी 'राऊ' या कादंबरीत १९७२ साली सांगितली. २०१५ साली तिच्या आधारे हिंदी चित्रपट निघाला आणि मराठी न वाचणाऱ्या लाखो लोकांपर्यंत ती पोहोचली.

आता इतिहास मस्तानीविषयी खात्रीने काय सांगतो ते पाहू. फारच थोडे. ती छत्रसाल बुंदेल्याची कन्या होती असे काही म्हणतात, ती नर्तकी होती असे काही म्हणतात. बाजीराव मोहिमेवर असताना पेशव्यांच्या घरच्यांनी तिला पुण्यात अटकेत ठेवले. बाजीरावामागून थोड्याच काळात तिचाही अंत झाला; तो कसा झाला याविषयी एकमत नाही. दुसरी स्त्री घरात आणणे त्या काळच्या सरदार घराण्यांत नवलाचे नव्हते. आक्षेप होता तो तिच्या जन्माला आणि धर्माला. तिच्या मुलाची मुंज करण्यास पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला. समशेर बहादूर म्हणून वाढलेला हाच मुलगा १७६१ साली पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी मरण पावला. ज्या कुळाने त्याला आपल्या पंक्तीत बसू दिले नाही, त्या कुळासाठी त्याने प्राण दिला.

एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून कादंबरीकार एक जिवंत स्त्री उभी करतो. हे न्याय्य आहे काय? आठवी आज्ञा आपल्याला शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. मृत माणूसही आपला शेजारीच आहे; किंबहुना तो सर्वांत असहाय शेजारी आहे, कारण त्याला खुलासा करता येत नाही. कादंबरीतील संवाद पुढे इतिहास म्हणून सांगितले जातात, व्याख्यानांतून ऐकवले जातात, हा आपला नित्याचा अनुभव आहे. या बाबतीत कादंबरीकारापेक्षा वाचकाची जबाबदारी मोठी, असे माझे मत आहे. कादंबरीकार मुखपृष्ठावरच 'कादंबरी' असे लिहून मोकळा होतो. ते विसरून जाणारे आपण असतो.

परंतु या आरोपाची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. बखरींनी आणि दफ्तरांनी स्त्रियांना एक-दोन ओळींपलीकडे जागा दिली नाही. काशीबाईला रात्री काय वाटत असेल, मस्तानीने पोराला कुशीत घेऊन बंद दाराकडे किती वेळ पाहिले असेल, हे कोणत्याही कारकुनाने टिपून ठेवलेले नाही. जे घडलेच नाही ते घडले म्हणून सांगणे म्हणजे खोटी साक्ष. जे कोणी विचारलेच नाही ते विचारणे मात्र खोटी साक्ष नव्हे. उत्तम ऐतिहासिक कादंबरी हा विसरलेला प्रश्न विचारते. आपल्या घरांतील माताभगिनी दुपारच्या निवांत तासात ही पुस्तके हाती घेतात, त्याचे कारण येथेच असावे. थोर पुरुषांच्या इतिहासात त्यांच्यासारखीच एक स्त्री उंबरठ्याशी वाट पाहत उभी आहे, हे त्यांना तेथे प्रथमच भेटते.

अशा वाचनाकडे तुच्छतेने पाहण्याची सवय काही धर्मोपदेशकांना असते. त्यांनी आविलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र पाहावे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये शिलेदारांच्या शौर्याच्या आणि प्रेमाच्या कथांचे वेड होते. तेरेजाच्या आईला त्या कथांची गोडी होती आणि लहानगी तेरेजा वडिलांच्या नकळत रात्रंदिवस त्या वाचीत असे. या वाचनाने आपले मन थंडावले, असे ती नोंदवते. पण आईविषयी लिहिताना ती मृदू होते. आपल्या मोठ्या दुःखांचा विसर पडावा म्हणून आई ते वाचीत असावी, असे ती समजून घेते. विसावा हवा असणे हे पाप नव्हे. तेव्हा प्रश्न विसाव्याचा नाही. विसावा घेऊन उठल्यावर आपण कोठे जातो, याचा आहे.

याच काळातील दुसरे उदाहरण इग्नेशियस लोयोलाचे आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून तो घरी बिछान्याला खिळला. वेळ घालवण्यासाठी त्याने शिलेदारांच्या प्रेमकथा मागितल्या. वाड्यात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे हाती आली. पडल्या पडल्या तो कधी एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्ने रंगवी, कधी संतांचे अनुकरण करण्याची. दोन्ही स्वप्ने रंगात असताना सारखीच गोड वाटत. फरक नंतर कळे. पहिले ओसरल्यावर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही. पुस्तकाची पारख वाचताना होत नाही, मिटल्यानंतर होते, ही कसोटी या अनुभवातून आपल्या हाती लागते.

ही कसोटी 'स्वामी'ला लावून पाहू. रमाबाईंच्या सहगमनाने वाचक गहिवरतो. प्रेमाची ती परिसीमा वाटते. पण पुस्तक मिटल्यावर मनात काय उरते? एक तरुण निपुत्रिक विधवा जिवंतपणी जळाली, हे उरते की, 'असे प्रेम आता राहिले नाही' असा एक सुस्कारा? १९८७ साली राजस्थानातील देवराळा येथे अठरा वर्षांची रूपकंवर पतीच्या चितेवर जळाली, तेव्हा असा सुस्कारा टाकणारे हजारो लोक त्या जागी दर्शनाला गेले होते. त्यानंतर झालेल्या केंद्रीय कायद्याने सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवला. कोणत्याही कादंबरीमुळे देवराळा घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सौंदर्य अन्यायावर पडदा टाकू शकते, एवढे मान्य केले पाहिजे. येथे बाबा पदमनजी यांचे स्मरण होते. या ख्रिस्ती लेखकाने १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील आद्य कादंबऱ्यांत गणल्या जाणाऱ्या या पुस्तकाने डोळ्यांसमोर हाल सोसणाऱ्या जिवंत विधवांकडे पाहिले. त्या पाहण्याला गहिवर नव्हता, पण अस्वस्थता होती. 'यमुनापर्यटन' आज अभ्यासकांपुरते उरले आहे. 'स्वामी' घराघरांत आहे. मेलेल्या राणीसाठी रडणे नेहमीच सोपे असते. ती आपल्याकडे काही मागत नाही.

संत ऑगस्टिनने हे चौथ्या शतकात ओळखले होते. शाळकरी वयात व्हर्जिलच्या काव्यातील डायडो राणीच्या प्रेमासाठी आणि आत्मनाशासाठी तो रडला. पुढे आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये तो स्वतःलाच विचारतो की, परमेश्वरापासून दुरावून स्वतः मरत असताना मी कोरड्या डोळ्यांनी बसलो आणि डायडोसाठी रडलो, याला काय म्हणावे? अश्रू चुकीचे होते असे नव्हे. ते चुकीच्या पत्त्यावर पोहोचून तेथेच थांबले होते.

अश्रूंचा हा पक्षपात पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची ती पहिली राजधानी. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉप याच्या इंग्रजी फौजेने थाळनेरच्या किल्ल्याला वेढा दिला. शरणागतीच्या वेळी दरवाजाशी गोंधळ होऊन दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून आतील सुमारे ३०० शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. या माणसांनाही बायका असतील, त्यांचीही कोणी वाट पाहिली असेल. परंतु थाळनेरच्या वाट्याला 'राऊ' आली नाही. आपण त्या बुरुजांवरून सहज चालत जातो, कारण तेथे कोणावर प्रेम करावे हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. कादंबरी करुणेला पत्ता देते ही तिची थोरवी, आणि ती फारच थोड्यांचा पत्ता देते ही तिची मर्यादा.

म्हणून ऐतिहासिक प्रेमकथा वाचावी की वाचू नये, हा वाद मला निष्फळ वाटतो. ती वाचताना आपण कोठे उभे असतो आणि मिटल्यावर कोठे उभे राहतो, हे पाहिले पाहिजे. 'राऊ' वाचणारा प्रत्येक वाचक मस्तानीच्या बाजूला असतो. तिला दार बंद करणारी माणसे त्याला कठोर वाटतात. पण त्या माणसांकडे नीट पाहिले तर ती आपल्या ओळखीची निघतात. त्यांना कुळाची लाज होती, नातलगांची भीती होती, उद्या आपल्या मुलांची लग्ने कशी होतील ही चिंता होती. हीच वाक्ये आपल्या घरांत, आपल्या बोलीत, आजही ऐकू येतात. परजातीत किंवा परधर्मात लग्न केलेल्या लेकीचे नाव वर्षानुवर्षे न काढणारी, सुनेच्या हातचे पाणी टाळणारी, नातवाला सणालाही न बोलावणारी घरे ख्रिस्ती समाजातही आहेत. त्याच घरांतील माणसे मस्तानीसाठी डोळे पुसत असतील, तर डायडोसाठी रडणाऱ्या ऑगस्टिनपेक्षा त्यांची स्थिती वेगळी नाही.

येथे कोणी म्हणेल, 'फादर, मग विवाहाच्या पावित्र्याचे काय? काशीबाईचे काय?' प्रश्न रास्त आहे. काशीबाईचे दुःख खरे होते आणि मस्तानीवरील प्रेमाने ते पुसले जात नाही. पतिपत्नीच्या एकनिष्ठेविषयीची आपली शिकवण कोणत्याही कादंबरीने बदलत नाही. पण चांगली कादंबरी येथेच एक अवघड धडा देते. ती आपल्याला काशीबाईच्या मनात नेते आणि मस्तानीच्याही. एकीची वेदना कळण्यासाठी दुसरीचा द्वेष करावा लागत नाही. एखाद्याच्या वागण्याला मान्यता न देताही त्याच्यासाठी दार उघडे ठेवता येते. घरात हे आपल्याला जमत नाही. तेथे आपण दया आणि मान्यता एकच समजतो आणि मान्यता देता येत नाही म्हणून दयाही नाकारतो. पुस्तकात मात्र ते सहज जमते.

जे पुस्तकात जमते ते घरात जमण्याची शक्यता असते. शनिवारवाड्याच्या एका दाराला मस्तानी दरवाजा म्हणतात. ती गेली आणि तिचे नाव दाराला उरले. आपल्या घरातून गेलेल्या कोणाचे नाव आपण मागे ठेवले आहे, आणि ती व्यक्ती जिवंत असताना तिला एखादे पत्र, एखादा फोन, नाताळचे एक बोलावणे पाठवणे अद्याप शक्य आहे काय, याचा विचार पुस्तक कपाटात ठेवण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने करावा. मस्तानीसाठी आता काही करता येत नाही. इतरांसाठी अजून वेळ आहे.