नाणं कुठे होतं?

गोविंदपुरम्‌ला बोधेंद्र स्वामींच्या अधिष्ठानाची कथा अजून सांगतात. नदीच्या वाळूत मुलांशी खेळता खेळता स्वामींनी त्यांना आपल्याला पुरायला सांगितलं आणि तिथेच समाधी घेतली. पुढे ती जागा लोक विसरले. शंभरेक वर्षांनी मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी त्याच वाळूला कान लावत फिरले आणि जिथे खालून रामनाम ऐकू आलं, तिथे थांबले.

ही कथा लहानपणापासून ऐकलेला एक मुलगा सुट्टीत आजोळी आला, तो धातुशोधक यंत्र घेऊन. घर मराठी होतं. तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ साली खालसा झालं, पण त्यांच्या काळात आलेली घरं कुंभकोणम्‌च्या आसपास राहिली, त्यांतलंच हे एक. शेजारचं तिरुविडैमरुदूर म्हणजे गादी गेल्यावर अमरसिंह राजे जिथे येऊन राहिले ते गाव. राजांनी जमिनीत काहीतरी पुरलं असणार, असं मुलाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दारासुरम्‌च्या ऐरावतेश्वर मंदिरात यंत्र न्यायचं नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. तिथे पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. १९५८च्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. ब्रिटनमध्ये तर १९७९च्या कायद्यानुसार अशा जागी हे यंत्र नुसतं चालवायलाही लेखी परवानगी लागते. म्हणून त्यानं शेताच्या कडेचा एक उंचवटा निवडला. तिथे रुंद, जुन्या विटांचे तुकडे पडलेले होते, फलक मात्र नव्हता. फलक नाही म्हणजे आपल्याला मोकळीक, असं त्यानं धरलं. असं धरणारे पुष्कळ आहेत आणि आपल्या देशाचं फार मोठं नुकसान त्यांच्याच हातून होतं. चोळांच्या या मुलुखात जुनी वस्ती कुंपणाशी येऊन संपत नाही.

यंत्र वाजलं की तो खणायचा. संध्याकाळपर्यंत सात खड्डे झाले. कुठे खिळा निघाला, कुठे तारेचा तुकडा, आणि एका खड्ड्यातून तांब्याची तीन नाणी. घरी येऊन त्यानं ती चिंचेनं लख्ख घासली. एका बाजूला उभा पुरुष, दुसऱ्या बाजूला बसलेला, आणि शेजारी नागरी अक्षरं. घरात अभंगांची पोथी वाचणाऱ्या त्या मुलाला ती लागली: श्री राजराज.

तो धावतच मामांकडे गेला. मामा आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी नाणी तळहातावर घेतली.

“कुठल्या खड्ड्यात मिळाली?”

“मधल्या... नाहीतर त्याच्या पलीकडच्या.”

“किती खोल? विटांच्या वर की खाली?”

मुलगा गप्प राहिला.

“अरे, राजराज चोळाची अशी तांब्याची नाणी हजारांनी सापडली आहेत. पार लंकेतही सापडतात. नाणं म्हणून यातून नवं काहीच कळत नाही. पण हे जर विटांच्या फरशीखाली असतं, तर फरशी राजराजाच्या आधीची नाही, एवढं पक्कं झालं असतं. तेवढ्यासाठी याचं मोल होतं.”

“मग आता?”

“आता ते नुसतं तांबं. बरोबरची मातीही तू धुऊन टाकलीस.”

मग मामांनी पत्तूरची हकीकत सांगितली. १९७६ साली तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या त्या गावात एका मजुराला खणताना नटराजाची मूर्ती मिळाली आणि त्यानं ती विकली. हात बदलत ती लंडनला पोचली, १९८२ साली तिथल्या पोलिसांनी जप्त केली आणि खटला उभा राहिला. एका बाजूला मूर्ती विकत घेणारी कॅनडाची कंपनी, दुसऱ्या बाजूला पत्तूरचं पडकं शिवमंदिर. मूर्ती याच देवळातली हे ठरवताना तिला चिकटलेल्या मातीचा आणि वाळवीच्या खुणांचाही अभ्यास झाला. १९९१ साली नटराज परत आला.

“त्या मातीनं साक्ष दिली, आणि आपण इथे चिंच लावून बसलोय,” मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण मुलाला तो आवाज सोसला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं सरकारी कचेरीत गेले. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं, तर काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर तुरुंगवासही होऊ शकतो. मुलानं अर्ज लिहिला. ‘कुठे’ या ठिकाणी त्यानं शेताचं नाव घातलं. त्याहून नेमकं लिहायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

पत्तूरच्या नटराजासारखे देव आपल्याच माणसांनी पुरले ते हल्ल्यांच्या भीतीनं, पुन्हा काढू या आशेनं. २०२३ साली सीर्काळीच्या सट्टैनाथर मंदिरात यज्ञमंडपासाठी खणताना वीसहून अधिक पंचधातूच्या मूर्ती निघाल्या आणि त्यांच्याबरोबर तेवारम्‌ची पदं कोरलेले चारशेहून अधिक ताम्रपट. देव आणि देवाची गाणी कुणीतरी एकत्र जपून ठेवली होती. रात्री यंत्र घेऊन कुणी आधी पोचला असता, तर मूर्ती एका देशात आणि ताम्रपट भंगारात गेले असते.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावी गोठ्याचा खांब रोवताना पहार धातूवर आपटली. लोक जमले. कुणी हात घालणार तोच मुलगा आडवा झाला. त्यानं फीत लावून खोली मोजली, चारी बाजूंनी फोटो काढले, मामांना कचेरीत पाठवलं आणि अधिकारी येईपर्यंत खड्ड्याजवळून हलला नाही. निघालं ते तांब्याचं चेपलेलं भांडं, आत घट्ट माती.

“सोनं नाही, नाणं नाही,” खांब रोवणारा मजूर हिरमुसून म्हणाला आणि भांडं उपडं करायला वाकला.

“थांबा अण्णा,” मुलगा म्हणाला, “आतली माती तशीच राहू दे. त्यांना ती भांड्यासकट न्यायची आहे.”