हिरवा दिवा कुणाचं ऐकतो?

आर्डुइनो उनोवर १३ नंबरच्या पिनला एक बारीक एलईडी आधीच जोडलेला असतो. पहिला प्रोग्रॅम बहुतेक सगळे तोच लिहितात: पेटव, एक सेकंद थांब, विझव, थांब. दिवा लुकलुकला की वाटतं, सगळं नीट चाललंय. खरं तर त्याला लुकलुकायला सांगितलंय, एवढंच त्यातून कळतं.

जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवून दिलं, की जुन्या मॅकबुकचं फर्मवेअर बदलून कॅमेरा चालू असतानाही त्याचा दिवा विझलेला ठेवता येतो. अशा वेळी खोटं कोण बोलतं? दिवा तर नक्कीच नाही.

आत्याच्या पंपासाठी मी सध्या दिवा करतोय. तिने विचारलं, "हिरवा लागला म्हणजे पाणी चढतंय ना रे?" पंपाला हुकूम सुटला की दिवा लावणं सोपं, पण मग पंप कोरडा फिरला तरी तो हिरवाच. म्हणून पाइपात फ्लो सेन्सर. आतलं चक्र फिरलं की पल्स येतात, तेव्हाच दिवा पेटेल. खर्च वाढतो, वाढू दे. तिला कोड वाचता येत नाही, ती दिवाच वाचणार.

आता पाइपातल्या हवेनेही ते चक्र थोडं फिरतं. हे तिला दिवा बसवण्याआधीच सांगणार आहे.