सूक्ष्मदर्शक आणि सोबत्याचे रक्त

सूक्ष्मदर्शक यंत्र माध्यमिक शाळेत असावे की नसावे, हा वाद आता उरलेला नाही. खर्चाची सबबही लटकी पडली आहे. मूळचे भारतीय असलेले मनू प्रकाश व त्यांचे सहकारी यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून २०१४ साली घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या सुट्या भागांची किंमत एका डॉलरहून कमी असून तो वस्तू सुमारे १४० पट मोठी करून दाखवितो. तेव्हा गोंदिया जिल्ह्यातील चिचगडसारख्या रानालगतच्या गावच्या मुलाने तरी पुस्तकातील चित्रावर का विसंबावे? बोडीच्या पाण्याचा थेंब आणि धानाचे पान त्याच्या दाराशीच आहे. डेल्फ्टच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने सतराव्या शतकात एका भिंगातून अशाच थेंबातली जीवसृष्टी पाहिली होती.

परंतु यंत्र आले की एखादे दिवशी काचपट्टीवर रक्तही येणारच. आणि खरा प्रश्न तेथे उभा राहतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. त्यातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० साली केले, तेही ग्रेनाडा बेटातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तावरून. आता समजा, वर्गातल्या एका मुलीच्या रक्तात तशाच पेशी दिसल्या. चाळीस मुलांनी त्या पाहिल्या, तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर होईल, आणि पुढे तिच्या लग्नाच्या बोलण्यातही निघेल. उलट, ज्याला हा दोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळाला, त्या वाहकाच्या पेशी साध्या थेंबात बहुधा गोलच दिसतात. म्हणजे त्यास खोटा दिलासा मिळावयाचा!

मग सत्य झाकून ठेवावे काय, असे कोणी विचारील. आम्ही तसे म्हणत नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो, हे प्रत्येक मुलास कळलेच पाहिजे. मात्र स्वतःच्या रक्ताचे सत्य प्रथम ज्याचे त्यास कळावे, तेही दवाखान्यातील रीतसर तपासणीने. इतरांच्या जिज्ञासेचा त्यावर हक्क नाही.

म्हणून वर्गात बोडीचे पाणी, कांद्याचा पापुद्रा, धानाचे पान खुशाल पाहावे. विळ्यासारख्या पेशी दाखवावयाच्या तर निनावी, तयार काचपट्टीवर दाखवाव्या. काय पाहावे याबरोबर कोणाचे पाहू नये, हेही जो शिक्षक शिकवील, त्याच्याच हाती हे यंत्र शोभेल.