दारातला तांब्या
(शास्त्रभाग : योहान १३:१-१७)

मलप्रभेचा उगम जिथे आहे त्या कणकुंबीस मी भर पावसाळ्यात एका घरगुती प्रार्थनासभेसाठी गेलो होतो. संदेशाचा विषय वरचाच शास्त्रभाग. माझ्यामागून गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक गडी आला. घरच्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, त्येच्या पायावर जरा पाणी घाला की." मी तांब्या एका पोराच्या हाती दिला आणि टिपणे चाळीत आत जाऊन बसलो. मग पाय धुण्याविषयी अर्धा तास बोललो!

रमाबाईंस कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली 'पंडिता' ही पदवी दिली. पुढे त्या इब्री व ग्रीक शिकल्या, त्या विद्या मिरविण्यासाठी नव्हे. अल्पशिक्षित बायांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र यावे म्हणून. १९२२ साली केडगावी त्यांचा अंत झाला, तोवर त्या याच कामात होत्या. माझ्या एवढ्याशा पदविकेला मात्र तांब्या जड झाला.

प्रभूने यहूदाचेही पाय धुतले. शब्बाथशाळेत आपण पेत्राचीच गोष्ट सांगतो, यहूदाचे पाय राहून जातात.

सभा सुटताच मी त्या गड्याला शोधले. तो गुरे बांधायला निघून गेला होता.